विमान विकलं तर बाँडचं काय?

मागच्या वेळी मी इथे कॉर्पोरेट पायलटच्या, म्हणजे कंपन्यांची खासगी विमानं उडवणाऱ्याच्या दिवसाबद्दल लिहिलं होतं: पहाटे चारला मुंबई विमानतळाच्या कालिन्याच्या गेटवर हजर, साहेब येणार सकाळी अकराला. त्यावर पत्रं येतील ती अशा गमतीजमतींबद्दल, असं वाटलं होतं. निम्म्याहून जास्त पत्रांत मात्र एकच शब्द निघाला, बाँड. म्हणजे कंपनीने ट्रेनिंगचा खर्च करायचा, बदल्यात पायलटने ठरावीक काळ नोकरी करायची आणि मध्येच सोडली तर पैसे भरायचे, असा करार. म्हणून या वेळी तेवढंच. मी वकील नाही. पण बाँडवर सहीही केली आहे आणि पुढे चीफ पायलट झाल्यावर दुसऱ्यांकडून करूनही घेतली आहे, एवढ्या अधिकारावर लिहितो.

आमची मुलगी २३ वर्षांची. बारामतीत राहून तिने सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) केलं, उड्डाणाचे २०८ तास झालेत. एअरलाइनमध्ये अजून लागलेलं नाही. मुंबईतल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, की एका उद्योगसमूहाच्या जेटला को-पायलट हवा आहे. टाईप रेटिंग स्वतःच्या खर्चाने करून यायचं, मग नोकरी पक्की. सीपीएलचं कर्ज अजून फिटायचं आहे. घर तारण ठेवावं का?
(एक पालक, इचलकरंजी)

नाही. घराचे कागद कपाटातच राहू द्या.

थोडं समजावून सांगतो. सीपीएल मिळालं म्हणजे पगार घेऊन विमान उडवायची परवानगी मिळाली. पण कुठलं विमान, ते लायसन्सवर वेगळं चढवावं लागतं. तेच टाईप रेटिंग, आमच्या बोलीत एंडोर्समेंट. आधी आठवडाभर वर्गात बसून विमानाच्या सिस्टिम्स घोकायच्या, मग सिम्युलेटरची सात-आठ सत्रं, मग चेक, म्हणजे उडवून दाखवायची परीक्षा. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, त्या विमानाचा टेक्निकल पेपर आणि कागदपत्रांची फाइल वेगळीच.

आता ए-३२०चं रेटिंग आणि बिझनेस जेटचं रेटिंग, दोन्हींना रेटिंगच म्हणतात, पण बाजारात दोन्हींची किंमत सारखी नाही. ए-३२० देशात शेकड्यांनी आहेत, त्यांचे सिम्युलेटर गुरुग्राम-बंगळुरूला आहेत. एका कंपनीने नाही म्हटलं तर दुसरीचं दार वाजवता येतं. बिझनेस जेटच्या एकेका जातीची विमानं इथे मोजकी, त्यातही कुठल्याशा एखाद्या विमानाची को-पायलटची खुर्ची रिकामी. त्या एका खुर्चीसाठी तुमची मुलगी विचिटा, डॅलस, फार्नबरो किंवा दुबईला जाऊन, डॉलरमध्ये फी भरून शिकून येणार. आणि आल्यावर ती खुर्ची भरली असली तर? तेच रेटिंग घेऊन दुसरीकडे कुठे जाणार? शिवाय रेटिंग हे दूध आहे, लोणचं नव्हे. दर सहा महिन्यांनी प्रोफिशियन्सी चेक द्यावा लागतो. नोकरी नसली तर तोही खर्च तुमच्याच गळ्यात.

त्या ओळखीच्या माणसाला विचारा, विमानाचा व्हीटीने सुरू होणारा नोंदणी क्रमांक काय? ते एनएसओपीवर, म्हणजे भाड्याने उडवायच्या परवान्यावर आहे की मालकाच्या खासगी वापराचं? आणि कंपनीच्या लेटरहेडवर, अमुक तारखेपासून अमुक पगारावर, असं पत्र आधी मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांचा आवाज बदलतो. अजून एक गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. विमानाच्या विमा पॉलिसीत पायलटचे किमान तास लिहिलेले असतात. २०८ तासांच्या मुलीला चीफ पायलट तोंडभरून हो म्हणेल, पण विमा कंपनीने नाही म्हटलं की ती त्या विमानात बसू शकत नाही. हे रेटिंगच्या आधी विचारायचं असतं, नंतर नाही.

ज्या कंपनीला खरंच माणूस हवा असतो, ती रेटिंगचा खर्च स्वतः करते आणि बदल्यात बाँड मागते. बाँड वाईट, पण कर्जापेक्षा बरा. बाँडमध्ये निदान कंपनीचे पैसे अडकलेले असतात, त्यामुळे पायलटला उडतं ठेवण्याची तिलाही गरज असते.

वय २७. मध्यम आकाराच्या जेटवर को-पायलट म्हणून निवड झाली आहे. कंपनी रेटिंग देणार, तीन वर्षांचा बाँड, रक्कम ३५ लाख. त्याशिवाय सही केलेले चार कोरे चेक, बारावीचं मूळ प्रमाणपत्र आणि मूळ लायसन्स कंपनीकडे ठेवायचं. सोडल्यानंतर दोन वर्षं दुसऱ्या ऑपरेटरकडे जायचं नाही, असंही एक कलम आहे. हे कायदेशीर आहे का?
(नाव नको, मुंबई)

तुला 'तू' म्हणतो, रागावू नकोस.

लायसन्सचा विषय आधी संपवू. पायलटने उडताना लायसन्स जवळ बाळगायचं हा नियमच आहे. ते कंपनीच्या तिजोरीत असेल तर तू उडणार कसा? आता तर डीजीसीएने फेब्रुवारी २०२५पासून इलेक्ट्रॉनिक लायसन्सही आणलं आहे, म्हणजे ते कुलूप लावून ठेवायची कल्पनाच हास्यास्पद झाली. बारावीचं प्रमाणपत्र दाखव, साक्षांकित प्रत दे, मूळ कागद बॅगेत घालून घरी आण. एवढ्यावरून नोकरी जात असेल तर ती नोकरी नव्हती.

चेकचं प्रकरण जास्त गंभीर. बाँड मोडला तर तो दिवाणी वाद. कंपनी कोर्टात जाईल, तिला नुकसान दाखवावं लागेल, वर्षं जातील. पण तुझा सही केलेला चेक तिने रक्कम भरून बँकेत टाकला आणि तो परत आला, की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ची फौजदारी तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'तो तर नुसता सिक्युरिटी म्हणून दिला होता' हे म्हणणं वाटतं तेवढं सहज चालत नाही. कंपन्यांना चेक हवे असतात ते यासाठीच. देऊच नकोस. फारच अडले तर रक्कम लिहून दे आणि चेकचे नंबर बाँडमध्ये घालून घे. चेक कशासाठी दिले आणि कधी परत मिळणार, हेही तिथेच लिहून घे. कोरा चेक बापालासुद्धा देऊ नये, असं आमचे मिरजेचे काका म्हणायचे. ते बँकेत होते.

बाँड मुळात चालतो का? चालतो. 'बाँड म्हणजे वेठबिगारी, कोर्टात उडतो' असं हॅंगरमध्ये चहा पिताना सगळे सांगतात, त्यावर जाऊ नकोस. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेचा दोन लाखांचा बाँड वैध धरला. नोकरीत असतानाच्या काळाला तो लागू आहे, म्हणून धंदा-नोकरी करण्यापासून अडवणारे करार रद्द ठरवणाऱ्या करार कायद्याच्या कलम २७मध्ये तो अडकत नाही, असं म्हटलं. तो बाँड सरकारी बँकेचा होता आणि रक्कमही बेताची, हे लक्षात ठेव, पण निकाल बाँड घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. उलट तुझं ते 'सोडल्यावर दोन वर्षं दुसरीकडे नाही' कलम थेट कलम २७मध्ये अडकतं. नोकरी संपल्यावर माणसाची रोजीरोटी अडवता येत नाही. त्या कलमाने घाबरू नकोस. तरी सहीपूर्वी खोडून घेता आलं तर खोडून घे, एक वाद कमी.

आता ३५ लाख. हा आकडा कुठून आला, ते विचार. त्याच करार कायद्याचं कलम ७४ सांगतं, की करारात कितीही मोठा आकडा लिहिलेला असला तरी वाजवी भरपाईच मिळते आणि तो आकडा ही फक्त वरची मर्यादा. म्हणजे ट्रेनिंग सेंटरचं बिल, तिकीट, हॉटेल, भत्ता मिळून कंपनीचे जेवढे गेले, तेवढ्याच्या आसपासचं बोलणं. बिलाची प्रत बाँडला जोडायला सांग. आणि रक्कम महिन्यागणिक उतरायला हवी. ३४ महिने नोकरी करून सोडणाऱ्याने पहिल्या महिन्यात पळणाऱ्याइतकेच पैसे भरायचे, हा कुठला न्याय?

मी २००९मध्ये चीफ पायलट असताना जो बाँड तयार केला, तो १८ लाखांचा आणि ३६ महिन्यांचा होता. दर महिन्याला ५० हजार कमी. एक मुलगा सात महिने पूर्ण करून एअरलाइनला गेला. उरलेले २९ महिने, साडेचौदा लाख. त्याने दोन हप्त्यांत भरले, आम्ही कागद फाडून त्याच्या हातात दिले. मी त्याच्यावर अजिबात रागावलो नाही असं लिहिणार होतो. पण दोन दिवस रागावलो होतो. आज भेटला की तोच बिल भरतो.

जाता जाता, कोणी वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावून मागितला तर देऊ नकोस. मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दलच्या अशा वसुलीवर जीएसटी नाही, हे ऑगस्ट २०२२च्या सरकारी परिपत्रकात स्वच्छ लिहिलं आहे.

दोन वर्षांचा बाँड आहे. त्यातले आठ महिने विमान इंजिनाच्या कामामुळे जमिनीवर होतं. मी रोज ऑफिसला हजर होतो. आता एचआर म्हणतं, ते आठ महिने बाँडमध्ये मोजणार नाही, कारण 'फ्लाइंग' झालं नाही. उद्या मालकांनी विमान विकलं तर काय, असं विचारलं तर हसून विषय बदलतात.
(एक को-पायलट, नागपूर)

तुमचं पत्र वाचून मी उठून कपाटातलं जुनं लॉगबुक काढलं.

२००१मध्ये मी किंग एअर सी-९०, म्हणजे दोन पंख्यांचं छोटं विमान उडवत होतो. मुंबईतल्या एका कंपनीने बीचजेट ४००ए हे छोटं जेट घेतलं आणि मला बोलावलं. मूळ डिझाइन मित्सुबिशीचं, पुढे बीचकडे आलं. तेव्हा देशात ही विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बारा लाखांचा, तीन वर्षांचा बाँड, सहा-सहा लाखांचे दोन चेक. पहिलं जेट, अमेरिकेचं पहिलं तिकीट. मी शेवटचं पान वाचलंही नाही.

फेब्रुवारीत विचिटाला गेलो. सिम्युलेटरची वेळ रात्री दहा ते दोन. बाहेर बर्फ, आत घामाने शर्ट ओला. त्या विमानाला नेहमीसारखे एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या झडपा नाहीत; पंखावर उचलल्या जाणाऱ्या फळ्यांनी, स्पॉयलरने, ते कलतं. टेकऑफला एक इंजिन बंद पडलं की हात आपोआप योक, म्हणजे हातातलं सुकाणू फिरवायला जातो. योक फिरवला की स्पॉयलर उचलला जातो, म्हणजे एका इंजिनावर धडपडत चढणाऱ्या विमानाची उचल आपणच मारतो. पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू दाबायचं आणि हात गप्प ठेवायचे. पहिल्या तीन रात्री माझे हात गप्प बसले नाहीत. चौथ्या रात्री बसले. तो आनंद अजून आठवतो.

तेरा महिन्यांनी एका सकाळी सांताक्रूझच्या हॅंगरमध्ये गेलो तर आमचा इंजिनिअर विमानातल्या कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होता. कंपनीचं बोधचिन्ह असलेल्या. मी विचारलं, 'हे काय?' तो म्हणाला, 'साहेब, तुम्हाला सांगितलं नाही?' विमान परदेशात विकलं होतं.

एचआरकडे गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, 'बाँड तुम्ही कंपनीशी केलाय, विमानाशी नाही.' शब्दशः बरोबर होतं. पुढचे पाच महिने मी नरिमन पॉइंटच्या ऑफिसात ट्रॅव्हल डेस्कवर बसून संचालकांची एअरलाइनची तिकिटं काढत होतो. लॉगबुकात त्या पाच महिन्यांत एक ओळ नाही. रेटिंगचा सहामाही प्रोफिशियन्सी चेक चुकला आणि त्या जातीचं विमान उडवणारं दुसरं कोणी मला घेईना. राजीनामा दिला, त्यांनी एक चेक बँकेत टाकला, परत आला, वकिलाची नोटीस आली. शेवटी चार लाखांवर तडजोड झाली. २५ हजारांचे सोळा हप्ते. शेवटचा हप्ता गेल्यावर दुसरा चेक एका पाकिटातून परत आला. टाचणीचा गंज चेकवर उतरला होता.

म्हणून मी कोणाचाही बाँड वाचतो तेव्हा पायलट सोडून गेला तर काय, हे नंतर बघतो. विमान गेलं तर काय, हे आधी बघतो. कॉर्पोरेट उड्डाणात विमान जाणं काही नवलाचं नाही. मालकाचा धंदा बसतो, मोठं विमान हवंसं वाटतं, मुलगा कारभार हातात घेतो आणि त्याला विमानाची हौस नसते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर बाँडमधला नेमका शब्द बघा. 'सेवेची दोन वर्षं' असं असेल तर हजेरीचे आठ महिने मोजलेच पाहिजेत. जमिनीवर विमान होतं, तुम्ही नव्हता. पगाराच्या स्लिपा आणि हजेरी जपून ठेवा आणि एचआरला तोंडी न विचारता ई-मेलने विचारा, 'माझ्या बाँडची शेवटची तारीख कोणती?' एवढीच एक ओळ. 'प्रत्यक्ष उड्डाणसेवा' असा शब्द असेल तर वकील गाठा, तरीही बाजू तुमची कच्ची नाही. विमान उडतं ठेवणं ही तुमची जबाबदारी नव्हती. आणि या आठ महिन्यांत तुमचा सहामाही प्रोफिशियन्सी चेक कंपनीने करून घेतला का, तेही तपासा. तो चुकवला असेल तर त्यांनी स्वतःच्या खर्चाने दिलेलं रेटिंग स्वतःच वाया घालवलं.

नवीन सही करणाऱ्यांनी दोन ओळी घालून घ्याव्यात. विमान विकलं, परवाना गेला किंवा विमान साठ दिवसांपेक्षा जास्त उभं राहिलं तर बाँड संपला. आणि रिकरंट, म्हणजे उजळणीच्या ट्रेनिंगमुळे बाँडची मुदत वाढणार नाही. ही दुसरी ओळ नसली तर दर वर्षीच्या सिम्युलेटरला एकेक नवं वर्ष चिकटत जातं.

मुलगा अमेरिकेत पायलट आहे. डॅलसजवळच्या एका खासगी कंपनीने किंग एअर ३५०वर नोकरी देऊ केली आहे, पण १८ महिन्यांचा ट्रेनिंग काँट्रॅक्ट आहे. तो म्हणतो, यापूर्वी किंग एअर बी-२०० उडवलं तेव्हा रेटिंग लागलंच नव्हतं, मग आता कशाला? कंपनी लुबाडते आहे का?
(एक आई, प्लेनो, टेक्सस)

वहिनी, मुलगाही बरोबर आहे आणि कंपनीही. अमेरिकेत जेट असेल किंवा टेकऑफचं वजन १२,५०० पौंडांच्या वर असेल तर टाईप रेटिंग लागतं. बी-२००चं कमाल वजन बरोबर १२,५०० पौंड, रेषेला पाय लावून उभं. ३५०चं १५,००० पौंड, म्हणजे रेषेपलीकडे. नाव किंग एअरच, पण कागद वेगळा.

कंपनी त्याला कुठलं रेटिंग देणार, एवढं विचारायला सांगा. पूर्ण रेटिंग की फक्त सेकंड-इन-कमांडचं, म्हणजे को-पायलटपुरतं? तिकडे देशातल्या देशात को-पायलटला कंपनी स्वतःच्या विमानावरही तयार करू शकते आणि त्याचा खर्च पूर्ण कोर्सच्या जवळपासही जात नाही. सेंटरचा पूर्ण कोर्स आणि पूर्ण रेटिंग मिळत असेल तर १८ महिने ठीक आहेत. नुसतं को-पायलटपुरतं ट्रेनिंग देऊन पूर्ण कोर्सची रक्कम लावत असतील तर नाही. रक्कम महिन्यागणिक उतरते का आणि कंपनीने कामावरून कमी केलं तरी भरावी लागते का, हे तिथेही तितकंच महत्त्वाचं.

बाँड आणि नोटीस पिरियड एकच का?
(एक वाचक, पणजी)

नाही. बाँड पैशांचा, नोटीस दिवसांची. बाँडचे सगळे पैसे भरले तरी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस पूर्ण केली म्हणून बाँड सुटत नाही. डीजीसीएने २०१७मध्ये कमांडरला एक वर्ष आणि को-पायलटला सहा महिने नोटीस सांगितली, ती एअरलाइनचे पायलट डोळ्यांपुढे ठेवून. कॉर्पोरेटवाल्यांनी आधी आपल्या नियुक्तीपत्रात काय लिहिलं आहे ते काढून बघावं. मी तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत सगळं पाहिलं आहे.

अकरावी सायन्सला आहे. पुढे पायलट व्हायचं आहे. कॉर्पोरेट कंपनीच्या मुलाखतीत 'एअरलाइनमध्ये जाणार का?' असं विचारतात म्हणे. खरं सांगायचं का?
(एक विद्यार्थी, सातारा)

बाळा, तुझ्या मुलाखतीला अजून पाच-सहा वर्षं आहेत. आधी फिजिक्स आणि गणित सोडू नकोस, आणि पुढे लाखो रुपये भरण्याआधी क्लास वन मेडिकल करून घे.

पण प्रश्न चांगला आहे. समोर बसलेला चीफ पायलट स्वतः कधीतरी एअरलाइनला अर्ज करून आलेला असतो, तेव्हा 'कधीच नाही सर' हे उत्तर त्याला नवं नसतं. मी मुलाखती घ्यायचो तेव्हा एका मुलीने उत्तर दिलं, 'जाणार, पण तुमचा बाँड पूर्ण करून, आणि जायच्या आधी माझ्या जागी येणाऱ्याला तुमच्या विमानाची चेकलिस्ट शिकवून.' तिला घेतलं. ती अजून तिथेच आहे, आता कमांडर म्हणून. एअरलाइनला गेलीच नाही.